देवीचा खालचा डावा हात

आमच्या गल्लीत आज सकाळपासून हरभरे उकडल्याचा वास आहे. मग मोहरी-कढीपत्त्याची फोडणी, वर ओलं खोबरं. म्हणजे नवरात्र आलं. वेस्ट मांबलम ह्या आमच्या तमिळ वस्तीत त्यासाठी कॅलेंडर बघावं लागत नाही, नाक शाबूत असलं की पुरे. घराघरांत पायऱ्या मांडतात, तीन, पाच, सात, कायम विषम, आणि त्यांवर पांढरं धोतर अंथरून बाहुल्या बसवतात. ह्याला इथे गोलू म्हणतात. देव, राजे, ढेरपोट्या वाणी आणि त्याची वाणीण, क्रिकेटची अख्खी टीम, सगळे एका आराशीत गुण्यागोविंदाने बसलेले. संध्याकाळी बायका एकमेकींचा गोलू बघायला जातात, एखादं गाणं म्हणतात आणि द्रोणभर सुंडल, म्हणजे तेच फोडणीचे हरभरे, घेऊन परततात. मी मिरजेचा. इथे आलो त्या वर्षी पहिल्याच संध्याकाळी चार घरचं सुंडल खाऊन आडवा झालो होतो, इतका मला तो वास आवडायचा. गेल्या वर्षापासून मात्र तो आला की आधी माझंच एक वाक्य आठवतं.

मी वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. खाली घरमालक अण्णा आणि त्यांची लेक वसंती अक्का. अण्णा तंजावरचे मराठी, म्हणजे त्यांचे पूर्वज तिकडे गेले ते शेकडो वर्षांपूर्वी, आणि नंतर कुणी महाराष्ट्राकडे वळूनही बघितलं नाही. भाषा मात्र सोबत नेली ती तशीच ठेवली. पहिल्या दिवशी भाडं ठरवायला खाली गेलो तर म्हणाले, “तुजला कापी होणा का?” मी चाटच पडलो. बखरीतला माणूस तमिळ हेल काढून मला कॉफी विचारत होता. मी ओरगडमच्या मोटारीच्या कारखान्यात गाडीच्या सीटांचं डिझाइन करतो, म्हणून त्यांनी माझं नाव ओरगडमच ठेवलं. जिन्यावर पावलं वाजली की आतून हाक यायची, काय ओरगडम, आज किती लोकांस बसवलंस?

ते शाळेत चित्रकला शिकवत. काचबिंदूने त्यांचे डोळे हळूहळू खाल्ले, आणि गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात उरलासुरला उजेडही गेला. एवढ्या डोळस माणसावर ही वेळ यावी ह्याचा मला रागच यायचा. त्यांना नाही यायचा. ते भिंतीला हात लावत घरभर फिरायचे आणि दूधवाल्याशी पूर्वीसारखेच भांडायचे.

त्यांच्या दिवाणखान्यात एक तंजावर चित्र होतं. फणसाच्या फळीवर कापड चिकटवायचं, खडूची भुकटी आणि डिंक मळून त्याच्या लगद्याने दागिने, कमान उठावात काढायची, काचेचे खडे बसवायचे, सोन्याचा वर्ख लावायचा आणि मग रंग भरायचे, अशी ती पद्धत. हे चित्र अण्णांच्या बायकोने, म्हणजे अम्मांनी केलेलं. अष्टभुजा देवी, पायाखाली महिषासुर. अम्मांनी नुसते दागिने नाहीत तर देवीचे हातसुद्धा उठावात केले होते. मी इथे आलो तेव्हा अम्मा जाऊन दोन वर्षं झाली होती, त्यामुळे मी त्यांना पाहिलेलं नाही. चित्र रोज पाहायचो. म्हणजे असं मी समजायचो.

गेल्या वर्षी पितृपक्षातच पावसाने झोडपलं. इथला खरा पाऊस दिवाळीच्या तोंडावरचा, पण त्याला कोण सांगणार? दोन रात्रीत भिंतीत पाणी मुरलं आणि चित्राच्या मागून फळीत शिरलं. सकाळी वसंती अक्काने मला खाली बोलावलं. अण्णा आत आंघोळीला गेले होते. फळी फुगली होती, कमान पापुद्र्यासारखी सुटून आली होती, देवीचा अर्धा चेहरा वाहून हनुवटीवर आला होता. जमिनीवर हिरवे-लाल खडे पडलेले. वसंती अक्का शाळेत गणित शिकवते, तिला सहसा रडू येत नाही. ती ते खडे एकेक वेचून वाटीत टाकत होती आणि म्हणत होती की अण्णांना हे कळलं तर ते खचतील, डोळे गेल्यानंतरचं हे पहिलंच नवरात्र आहे.

तेव्हा मी शहाण्यासारखं बोललो. म्हणालो, “अक्का, काळजी करू नका. आठ दिवसांत नवीन करतो. हुबेहूब. तसंही त्यांना कुठे दिसणार आहे?”

हे वाक्य माझं. ते कुणावर ढकलायची सोय नाही.

भिजलेल्या चित्राचा मी फोनवर फोटो घेतला. अक्काने अण्णांना सांगितलं की चित्र पुसून गोलूसाठी बांधून ठेवलंय. कारखान्यात आम्ही नव्या सीटांची चित्रं हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेकडूनच काढून घेतो. शब्दांत सांगायचं, दहा सेकंदांत चित्र हजर. जेवणाच्या सुट्टीत डबा एका हाताने खात मी त्या यंत्राला फोटो दिला आणि म्हटलं, ही देवी दुरुस्त कर.

मिरजेत असताना देवी मला ठाऊक होती. भीती वाटावी अशी, पण आपली. ह्या यंत्राने जी काढली ती बघून मी डबा बाजूला ठेवला. पहिल्या चित्रात तिच्या पोटाला व्यायामशाळेतल्या मुलासारखे सहा पट्टे होते आणि मागे आगीचे लोळ. दुसऱ्यात हात अकरा, त्यांतला एक कोपरातून फुटलेला. तिसऱ्यात तिने शंख आइस्क्रीमच्या कोनासारखा धरला होता. एकदा तर महिषासुराचा चेहरा इतका देखणा आणि केविलवाणा निघाला की मला त्याचीच बाजू घ्यावीशी वाटली. आणि प्रत्येक चित्रात देवीचा चेहरा तोच, साबणाच्या जाहिरातीतला. ह्या यंत्राने जगातल्या सगळ्या देवी पाहिल्यात म्हणे. सगळ्या पाहून शेवटी एकच लक्षात ठेवली, आणि तीही कुणाच्या घरातली नव्हे.

तरी मी चिकाटीचा. चार दिवस जेवणाच्या सुट्ट्या घालवल्या. हात आठवर आणले, पट्टे घालवले, आगीऐवजी कमान आणली. मग फोटो मोठा करून एकेक हात जुळवत गेलो. त्रिशूळ, चक्र, शंख, तलवार, ढाल, धनुष्य, सातव्या हातात महिषासुराची शेंडी. आठवा, खालचा डावा, रिकामा. करंगळीही जरा बाहेर वळलेली. मी वसंती अक्काला फोन केला की ह्या हातात काय होतं. ती गोंधळली. जन्मापासून बघतेय आणि आठवेना. म्हणाली, कमळ असेल रे, अजून काय असणार? मलाही पटलं. पाण्याने काहीतरी गळून पडलंय, फळी फुगल्याने बोट वाकलंय. आमच्या धंद्यात हेच तर काम, सीटवरची एखादी शिवण वाकडी गेली की सरळ करायची. मी यंत्राला लिहिलं, हातात कमळ दे, बोट सरळ कर. सहा-सात बोटं काढून माझा जीव खाणाऱ्या त्या यंत्राने ह्या वेळी पहिल्या फटक्यात बरोबर पाच काढली.

आणि एक कबूल करतो. शेवटचं चित्र पडद्यावर उमटलं तेव्हा कॅन्टीनमध्ये, रश्शाच्या हाताने, मी नमस्कार केला. आपोआप झाला. मग लक्षात आलं. हे कुणी काढलंच नव्हतं. ह्यामागे कुणाचा उपास नव्हता, पाठदुखी नव्हती, ‘आज नको, उद्या डोळे काढू’ नव्हतं. मग माझे हात कुणापुढे जोडले गेले? इकडेतिकडे पाहिलं आणि डबा धुवायला उठलो.

कॅनव्हासवर छापून घेतलं, वर सोनेरी भुकटी लावून घेतली, फ्रेम केली. भंगलेलं चित्र घरात ठेवत नाहीत, ही रीत मिरजेतही आहे आणि मांबलममध्येही. देवळाजवळच्या पिंपळाच्या पारावर लोक जुने फोटो, तुटक्या मूर्ती ठेवून येतात. मी फुगलेली फळी तिथे ठेवली, वर एक झेंडूचं फूल टाकलं आणि मोठ्या जबाबदारीतून सुटल्यासारखा घरी आलो.

पहिल्या दिवसापासून चित्राने धमाल उडवली. सात पायऱ्यांचा गोलू, त्याच्या मागे झगमगती देवी. बायका गाणं विसरून फोटो काढायच्या. एक निवृत्त गृहस्थ कमळाकडे बोट दाखवून म्हणाले की बघा, सात हातांत संहार आणि आठव्यात सृजन, काय विचार आहे! मी मान डोलावली. मान डोलावली एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं, मी त्यात चिखल आणि कमळ ह्यांची भर घातली. तिसऱ्या दिवशी गल्लीच्या ग्रुपवर तोच फोटो आला, खाली लिहिलेलं की हे राजवाड्यातलं तीनशे वर्षांपूर्वीचं चित्र, एका मराठी घराण्याने जिवापाड जपलेलं. मी हबकलो. हे चित्र दहा दिवसांपूर्वी सांबार-भाताच्या डब्याशेजारी जन्मलं होतं. पुराण तयार व्हायला युगं लागत असतील असं मला वाटायचं. तीन दिवस आणि एक ग्रुप पुरतो. मी खुलासा करायला टाइप करायला घेतलं, पण खाली दीडशे जोडलेले हात आले होते. खोडून टाकलं.

अण्णा ह्या सगळ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून असायचे. कौतुक ऐकायचे, हसायचे. मला वाटायचं, मजेत आहेत. एवढंच की दिवसातून दोनदा वसंतीला विचारायचे, अष्टमी कधी? त्यांच्या घरी गोलू एकदा मांडला की त्याला कुणी हात लावत नाही. अष्टमीला घरातलं सगळ्यांत मोठं माणूस स्वतःच्या हाताने देवीच्या पायाला कुंकू लावतं, तेव्हाच काय तो स्पर्श. हे वसंती अक्काला ठाऊक होतं आणि तिने मलाही सांगितलं होतं. आम्ही हिशेब केला की पायाला बोट टेकवतील आणि बसतील. छापलेला पाय काय आणि रंगवलेला काय.

अष्टमीच्या संध्याकाळी पाऊस भरून आला होता, म्हणून बायका लवकर येऊन गेल्या. घरात आम्ही तिघंच. वसंतीने अण्णांचा हात धरून त्यांना पायऱ्यांच्या कडेने मागे नेऊन चित्रासमोर उभं केलं, करंडा पुढे केला. त्यांनी पायाला कुंकू लावलं. मग हात तिथेच थांबला. बोटं हळूहळू वर सरकायला लागली. गुडघा, कंबर, मग डावीकडे. बोटं कुठेच अडत नव्हती. त्यांनी पुन्हा पायापासून सुरुवात केली. पुन्हा डावीकडे गेले. तळव्याने चाचपलं, नखाने खरवडलं. सोनेरी भुकटी त्यांच्या बोटांना लागली.

“हिचा हात कोठे आहे?” त्यांनी विचारलं.

वसंतीने तोंडावर पदर घेतला. मग मीच बोललो. पाणी, फळी, फोटो, यंत्र, सगळं सांगून टाकलं. ते माझ्याकडे तोंड करून ऐकत होते. संपल्यावर एवढंच म्हणाले, “खालच्या हातात काय दिलंस?”

“कमळ.”

“कमळ,” ते म्हणाले. “बेस.” आणि खुर्ची चाचपत जाऊन बसले.

ओरडले असते तर बरं झालं असतं. पावसाला सुरुवात झाली, वसंती खिडक्या लावायला उठली आणि तेवढ्यात अण्णा सांगायला लागले. अम्मांनी सात हात पुस्तकांत बघून काढले होते. आठव्याला कंटाळा आला. त्या रंगवायच्या उजव्या हाताने, म्हणून डावा समोर टेबलावर ठेवला आणि बघून तोच काढला. लहानपणी इडलीचं पीठ वाटताना दगडी वरवंट्याखाली त्यांची करंगळी सापडली होती, ती वाकडी ती वाकडीच राहिली. देवीलाही तशीच दिली. शेजारच्या शास्त्र्यांनी नाक मुरडलं, की अष्टभुजेच्या प्रत्येक हातात काहीतरी हवं. अण्णांनाही ते पटलं होतं, त्यांनी तसं सांगून पाहिलं. अम्मा म्हणाल्या होत्या, दिवसभर हातात काही ना काही असतंच, एक तरी मोकळा राहू दे.

“डोळे गेल्यावर,” अण्णा म्हणाले, “वसंती शाळेस गेली की मी रोज त्या हातात बोट ठेवून उभा राहात होतो. थोडा वेळ. अष्टमीची वाट बघत होतो.”

वसंती अक्का खिडकीपाशी तशीच उभी राहिली. तिला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. आईची वाकडी करंगळी तिला आठवत होती, पण ती भिंतीवर आहे हे एवढ्या वर्षांत कधी दिसलं नव्हतं. आम्ही दोघं चांगले डोळस. पंधरवडाभर तो माणूस आमच्यामध्ये बसून एका बोटाएवढ्या जागेची वाट बघत होता, आणि मी त्याला सृजन आणि संहार ऐकवत होतो.

मी छत्रीसुद्धा न घेता पिंपळाकडे पळालो. पार स्वच्छ होता. सणासाठी पालिकेच्या लोकांनी सगळं उचलून नेलं होतं, पाणी मारून धुतला होता, कुणीतरी रांगोळीही काढली होती. फुलवालीला विचारलं तर म्हणाली, दोन दिवस झाले, गाडी आली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पारावर बसून, भिजत, मी फोनमधला जुना फोटो काढला आणि खालचा डावा हात मोठा केला. फळी तिथे फुगलेलीच नव्हती. लाकूड सरळ होतं. वाकडं फक्त बोट होतं, आणि तळव्यात काही चिकटलेलं असल्याची एकही खूण नव्हती. मी ते आधीही पाहिलं होतं, एवढंच मोठं करून.

दुसऱ्या दिवशी आयुधपूजा. इकडे त्या दिवशी माणूस ज्यावर पोट भरतो त्या वस्तूची पूजा करतो आणि तिला काम सांगत नाही. आमच्या कारखान्यात रोबोंच्या हातांना चंदनाचे पट्टे ओढतात. वसंतीने सकाळीच माझा लॅपटॉप मागून घेतला आणि तिच्या खडूच्या डब्याशेजारी, अण्णांच्या ब्रशांशेजारी मांडला. झाकणावर चंदन, वर कुंकवाचं बोट. त्याच यंत्राला मी फूल वाहिलं. वाहताना काय वाटलं ते मला नीट सांगता येणार नाही. राग त्याच्यावर नव्हता. त्याला करंगळी माहीत नव्हती. मला विचारता आली असती.

संध्याकाळी अण्णांनी हाक मारली. उद्या विजयादशमी, उद्या काम पुन्हा सुरू करायचं, म्हणाले. खडूची भुकटी आणि डिंक आणून ठेव.

दसऱ्याच्या सकाळी लगदा मी मळला. चार वेळा नापास झालो. फार ओला, फार कोरडा, गुठळ्या, पुन्हा ओला. अण्णा चिमटीत घेऊन नाक उडवायचे आणि म्हणायचे, ओरगडम, तुझ्या सीटांवर लोक बसतात तरी कसे? मग चित्र भिंतीवरून काढून टेबलावर आडवं ठेवलं. कमळ कुठे आहे ते मी त्यांचं बोट धरून दाखवलं. वसंतीने विचारलं, हात समोर ठेवू का, माझा बघून करा. त्यांनी मान हलवली. नको म्हणाले, मला पाठ आहे.

दोन तास लागले. त्यांनी आधी कमळ बुजवलं. पाकळ्या एकेक करून पांढऱ्या लगद्याखाली गेल्या. मग तळवा आला, अंगठ्याचा उंचवटा, चार बोटं. करंगळीपाशी ते थांबले, अंगठ्याने ती हलकेच बाहेर दाबली, जराशी, आणि हात काढून घेतला. वसंती अक्का टेबलावर वाकली आणि कितीतरी वेळ त्या ओल्या हाताकडे बघत राहिली. मग तमिळमध्ये, अगदी हळू, म्हणाली की ही अम्माच आहे.

वाळल्यावर मी रंग आणि वर्ख आणायला निघालो होतो. अण्णा म्हणाले, रंग कशाला? मला दिसतो.

तर हे चित्र आता असं आहे. साबणाच्या जाहिरातीतला चेहरा, सोनेरी भुकटी, सात चकचकीत हात, आणि खालचा डावा पांढराफटक, उठावाचा, रिकामा. आज घटस्थापना. अण्णा खुर्चीत आहेत, मघापासून बायकांची ये-जा चालू आहे. दोघी-तिघींनी विचारलं की एवढं सुंदर चित्र आणि हा हात अर्धवट कसा राहिला? वसंती अक्का त्यांना सुंडल देते.

मी वर येऊन हे लिहायला बसलो आणि फोन वाजला. गल्लीचा ग्रुप. कुणीतरी सकाळी चित्राचा फोटो काढून यंत्राला दिला होता. खाली लिहिलं होतं, राजवाड्यातल्या चित्राचा खराब झालेला हात दुरुस्त केला आहे, सर्वांनी दर्शन घ्या. मी उघडलं. हात गुलाबी होता, सोन्याच्या बांगड्या होत्या. करंगळी सरळ. हातात कमळ. तेच कमळ, पाकळी न् पाकळी तीच. मी सांगितलंही नव्हतं ह्या वेळी. खाली जोडलेले हात यायला लागले होते.

मी जिना कसा उतरलो मला कळलं नाही. खालची बैठक बायकांनी भरलेली. गोलूला हात लावायचा नाही, अष्टमीला अजून आठवडा आहे, हे सगळं ठाऊक असून मी पायऱ्यांच्या कडेने मागे शिरलो. वसंती अक्काने पाहिलं आणि बाजूला सरकून वाट दिली. मी डोळे मिटले आणि हात पुढे केला. सपाट, सपाट, सपाट, आणि मग बोट अडलं. तळवा खरखरीत होता. मोकळा होता. करंगळी वाकडी होती.

“कोण आहे तेथे?” अण्णांनी खुर्चीतून विचारलं.

“मी, ओरगडम.”

“आहे ना?”

“आहे, अण्णा,” मी म्हटलं आणि बोट तिथेच राहू दिलं.